हौशी सर

लातूरच्या औसा रोडला किंवा नांदेडच्या तरोड्याकडे ‘घर विकणे आहे’ ही पाटी पावसापाण्यानं फिकी पडलेली दिसली, की खुशाल समजावं : घर सरांचं आहे. सर झेडपीतून रिटायर झालेले, मुलगा पुण्यात, जागा तीस बाय चाळीस आणि बांधकाम पूर्णपणे स्वतःच्या डोक्यानं. इंजिनिअरचा नकाशा फक्त लोनपुरता.

घराची किंमत काढताना सर झालेला खर्च धरतात, त्यावर व्याज लावतात आणि व्याजावर मनस्ताप. गिऱ्हाईक मनात एकच हिशेब करतं : हे पाडायला किती लागतील?

हॉलच्या बरोबर मधोमध खांब आहे. 30 सप्टेंबर 1993च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि माळवदांनी झोपलेली माणसं गाडली, हे सरांनी जवळून पाहिलेलं. त्या धसक्याला कुणी हसू नये. पण पुढं घर बांधताना मिस्त्री एक खांब कमी करा म्हणाला, की सर दोन वाढवायचे. “ह्या घराला काय बी होत नाही,” म्हणत ते खांबावर थाप मारतात. गिऱ्हाइकाची बायको खांबाला वळसा घालून विचारते, “सोफा कुठं ठेवायचा?”

पाण्याचं तर विचारूच नका. 2016च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याच उन्हाळ्यात सरांनी हॉलखाली हौद काढला. झाकण दिवाणाखाली. पाणी किती उरलंय हे बघायचं, तर आधी दिवाणावरच्या पाव्हण्याला उठवायचं.

“शिवाय तीन बोअर हायेत.”

“पाणी कितीला?”

“एकाला. संक्रांतीपर्यंत.”

कोरड्या दोन बोअरचा खर्च सरांनी फुटाच्या भावानं किमतीत मिळवलेला असतो. गिऱ्हाईक त्याच दोन बोअरचे पैसे वजा करतं, कारण खाली काय आहे ते सरांनी दोनदा सिद्ध केलंय.

दार मुळात दक्षिणेला होतं. जन्मभर विज्ञान शिकवलेल्या सरांना कुणीतरी काहीतरी सांगितलं आणि दार बुजलं. नवं दार पूर्वेच्या बोळातून. शास्त्र सांभाळलं, मोटारसायकल मात्र हँडल वाकडं केल्याशिवाय आत येत नाही.

पण खरा भाव पडतो जिन्यापाशी. लातुरात घराची किंमत वरच्या खोल्यांवर ठरते. नीटची तयारी करणारी पोरं गावोगावहून येतात, आणि ज्याचा जिना बाहेरून त्याचा वरचा मजला कधी रिकामा राहत नाही. सरांनी जिना आतून घेतला. “किरायदार कसा, आपल्या नजरेखालून वर गेला पाहिजे!” परिणामी अभ्यासिकेतून रात्री अकराला परतणारं पोरगं स्वयंपाकघरातून वर जातं आणि जाता जाता काय भाजी केली ते बघून जातं.

नांदेडच्या सरांचा वेगळाच थाट. ते गिऱ्हाइकाला थेट गच्चीवर नेतात. “बघा, इथून गोदावरी दिसते.” विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी दर पावसाळ्यात ऐकणारं गिऱ्हाईक म्हणतं, “दिसती की. भादव्यात तिला बी आपलं घर दिसत असंल.” आणि खालच्या भिंतीला कमरेपर्यंतच नवा रंग का, असं विचारतं.

कागद म्हणजे शंभराचा बॉण्ड. त्याचा विषय निघाला, की सर चहा सांगतात.

मधल्या काळात मुलगा पुण्याला बोलावतो. वाघोलीत फ्लॅट बघायचा ठरतो. सर आत पाय टाकताच भिंतीवर बोटाची गाठ वाजवतात, नळ सोडून बघतात, संडासचं दार लावून आत उभे राहतात. मग हॉलच्या कोपऱ्यात थबकतात. तिथं मालकानं हौसेनं बांधलेलं संगमरवरी देवघर असतं.

“हे किती दिवसांचं?”

“नवीनच आहे काका. सव्वा लाख लागले.”

“ते तुमचे गेले,” सर म्हणतात, “आता पाडायचे किती कमी करायलात ते सांगा. आणि पाणी टँकरचं का?”


तेवढ्यात लातूरहून एजंटाचा फोन येतो. गिऱ्हाईक इसार द्यायला तयार आहे, फक्त खांब पाडायचे पैसे कमी करा म्हणतंय.

“त्याला म्हणावं,” सर वाघोलीच्या हॉलमधूनच ओरडतात, “खांबाचे वेगळे लावले नाहीत हेच नशीब समज!”