थळचा जुगार

थळला समुद्राकाठच्या एका आलिशान व्हिलात दोन रात्री काढल्या. पाहुण्यांपैकी एकाने पहिल्याच संध्याकाळी विचारलं, "इथं कॅसिनो का नाही?"

नाही कसा? महाराष्ट्राने कॅसिनोचा कायदा 1976 सालीच केला होता. फक्त तो लागू करायचा राहिला. जवळपास 47 वर्षं तो कपाटात सुखाने नांदला आणि 2023 मध्ये सरकारने तो रद्द करायचं ठरवलं. न जन्मलेल्याचं श्राद्ध आम्हीच घालू जाणो! तिकडे गोव्यात मांडवीवर जहाजं झगमगतात, इथे कोळ्यांच्या होड्या.

पण डाव इथेही रंगतो. पहाटे होडी हाकणारा कोळी डिझेल लावतो, समुद्र पत्ते वाटतो. कधी बोंबील, कधी नुसतं जाळं. जमिनीच्या एजंटाकडे मात्र हुकमाचा एक्का कायम.

दुसऱ्या दिवशी "आसपासची शहरं" पाहायला निघालो. अलिबाग संपलं कधी, कळलंच नाही. मग होडीने खांदेरीला. 1679 मध्ये शिवरायांनी किल्ला बांधायला घेतला, इंग्रज चरफडले. वर्षभरात सिद्दीने शेजारच्या उंदेरीवर आपली बाजी मांडली. खांदेरीवरचा एक दगड ठोकला की धातूसारखा वाजतो. गडाला जागतिक वारशाचा मान 2025 मध्ये मिळाला.

रात्री खिडकीतून खत कारखान्याचे दिवे लखलखत होते. तो पाहुणा हरखला, "अरे, तो बघ कॅसिनो!" कुणीच दुरुस्त केलं नाही.