२३ किलोंचं स्वित्झर्लंड

आपली बरीचशी प्रवासवर्णनं शेवटच्या सूर्यास्तापाशी संपतात. पुढच्या पानावर लेखक थेट घरी, पंख्याखाली आमटीभात कालवताना सापडतो. मधला परतीचा प्रवास कोणी लिहीत नाही, आणि माझ्या मते हा त्या प्रवासावर अन्याय आहे. जाताना सगळे पर्यटक सारखेच असतात. माणूस कळतो तो येताना, झुरिक विमानतळावर, वजनकाट्यापुढे उघडलेल्या बॅगेत.

हिशेबच पाहा. जाताना बॅगेत चिवडा, चकल्या, दशम्या, मेतकूट. आठवडाभरात हे सगळं पोटात जातं, तेव्हा बॅग हलकी व्हायला हवी. प्रत्यक्षात मर्यादा २३ किलोंची आणि काटा दाखवतो २६. मग रांग सोडून फरशीवरच संसार मांडला जातो. गाईच्या गळ्यातली घंटा मोज्यात, मोजा बुटात, चॉकलेटं हातातल्या बॅगेत. तिलाही वजनाचं बंधन, म्हणून उरलेलं अंगावर. युंगफ्राऊयोखला ३,४५४ मीटर उंचीवर कुडकुडत चढवलेलं जाकीट, त्यावर बायकोचं घेतलेलं दुसरं, अशा थाटात गृहस्थ जूनमधल्या मुंबईत उतरतो. काट्यावर सामान चढतं, माणूस चढत नाही, ही नियमातली फट हेरण्याचं श्रेय मध्यमवर्गाला द्यायलाच हवं.

यावर कोणी म्हणेल, हा निव्वळ हव्यास. हे सगळं क्रॉफर्ड मार्केटात मिळतं. मिळतं ना! टोब्लेरोनचं काही उत्पादन स्लोव्हाकियात न्यायचं ठरलं, तेव्हा २०२३ मध्ये त्याच्या वेष्टनावरून मॅटरहॉर्न शिखराचं चित्रसुद्धा उतरवावं लागलं. म्हणजे स्विस चॉकलेटचं स्विसपणही आता कागदोपत्री तपासून घ्यावं लागतं. पण हव्यासी माणूस स्वतःसाठी घेतो. या बॅगेत मालकाचं असं फ्रिजवर लावायचं एक मॅग्नेट निघालं तरी खूप. बाकी सगळं कुंड्यांना पाणी घालणाऱ्या शेजारच्या काकूंचं, ऑफिसात याचं काम ओढणाऱ्याचं, आणि गेल्या वर्षी दुबईहून खजूर आणलेल्या वन्संचं. हा आहेर आहे, आणि आहेराची परतफेड करताना वस्तू इथे मिळते का हा प्रश्न गैरलागू असतो. ती 'तिकडून' आलेली असावी लागते. शेवटचे दोन दिवस पर्यटक आल्प्सकडे पाठ करून दुकानांत हिंडतो तो याच पोटी. त्याच्या बॅगेत हाव शोधणाऱ्याला उधारीची वही सापडेल.

परतताना पाहण्यासारखं काही नसतं, हा दुसरा आक्षेप. खिडकीबाहेर नसेलही. पण खरं दृश्य घरी पोचल्यावरच्या पहिल्या रात्री दिसतं. पूर्वेकडच्या प्रवासात शरीराला लवकर झोपायला भाग पाडावं लागतं, आणि शरीराचं घड्याळ मुळातच चोवीस तासांहून किंचित रेंगाळणारं. उन्हाळ्यात मुंबई झुरिकच्या साडेतीन तास पुढे, तेव्हा घरी मध्यरात्रीचे दोन वाजले तरी डोळ्यांत साडेदहाच असतात. झोप येत नाही म्हणून बॅग तेव्हाच उघडते. पलंगावर चॉकलेटांचे ढीग पडतात: मोठे डबे नात्यातल्यांना, सुट्या वड्या सोसायटीला, चेपलेली घरात. यादी वाचली जाते, पुन्हा वाचली जाते, आणि अडीचच्या सुमारास लक्षात येतं की थोरल्या आत्याबाईंचं नावच राहिलं. थोडा वेळ एकमेकांवर खापर फुटतं. मग क्रॉफर्ड मार्केट किती वाजता उघडतं, याची चौकशी सुरू होते.