टाच बाहेर

पन्नाशीला माणूस एकतर विपश्यनेला जातो, नाहीतर सायकल घेतो. दहा दिवस गप्प बसणं मला जमणारं नव्हतं, म्हणून मी सायकल घेतली. पुढे ग्रुपमधल्या जाणत्यांनी दीक्षा दिली, ‘साध्या चपलेवर किती दिवस काढणार? क्लिपलेस घ्या.’

क्लिपलेस म्हणजे ज्यात पाय अडकत नाही ते पेडल, असा माझा भाबडा समज. प्रत्यक्षात या पेडलात बूट खटकन अडकतो. पूर्वी शर्यतीतले सायकलस्वार पाऊल एका पिंजऱ्यात घालून वरून पट्टा आवळत. त्या पिंजऱ्याचं नाव टो-क्लिप. तो गेला, म्हणून ‘क्लिपलेस’. घरमालक बदलला, भाडं तेच! मूळ कल्पना बर्फावरच्या स्कीची. पडताना पाय मोडायच्या आत बूट सुटला पाहिजे, ही विद्या लूक नावाच्या फ्रेंच कंपनीकडे होती. तीच त्यांनी १९८४ साली पेडलात आणली आणि १९८५ साली बर्नार इनोने त्या पेडलांवर टूर द फ्रान्स जिंकली.

दुकानातल्या पोराने दोन जोड पुढे ठेवले. “काका, हा रोडचा, हा माउंटनचा. तुम्ही चालता किती?”

“अरे, मी सायकलचे बूट घ्यायला आलोय!”

“म्हणूनच विचारलं.”

मग त्याने तळवे दाखवले. रोडच्या बुटाला तीन स्क्रूंवर बसवलेली प्लास्टिकची भलीमोठी त्रिकोणी क्लीट, म्हणजे पेडलात अडकणारा तुकडा, तळव्याबाहेर आलेली. जोर रुंद भागावर पसरतो, लांब पल्ल्यात पाऊल दुखत नाही. माउंटनच्या बुटाला दोन स्क्रूंची, धातूची इवलीशी क्लीट, रबराच्या नक्षीत दडलेली. चिखलात उतरा, ढकलत न्या, पुन्हा बसा. तिचं पेडल दोन्ही बाजूंनी पकडतं, रोडचं एकाच बाजूने. सुटायची युक्ती दोन्हीकडे एकच, टाच बाहेर फिरवायची.

मी इनोचा विचार केला आणि रोडचा जोड घेतला. क्लीटमध्येही रंग निघाले. पिवळीत पायाला सहा अंशांची मोकळीक, निळीत दोन, लालमध्ये शून्य. पोराने माझ्या गुडघ्यांकडे एकदा बघून न विचारताच पिवळी लावली.

पहिल्याच रविवारी कर्वे रस्त्यावर सिग्नल लाल झाला. मी ब्रेक लावला, सायकल थांबली, आणि आपले दोन्ही पाय सायकलच्या मालकीचे आहेत हे लक्षात आलं. ‘टाच बाहेर’ हे आठवेपर्यंत अख्खा मी बाहेर होतो. तोडलेल्या झाडासारखा, सावकाश, डाव्या अंगावर. बसस्टॉपवरचे एक आजोबा शांतपणे म्हणाले, “चालत्या सायकलवरून पडलेले पुष्कळ पाहिले. उभ्या सायकलवरून पडणारे तुम्ही पहिलेच.”

पण खरा घात खडकवासल्याला झाला. आमच्या ग्रुपचं ध्येय धरण नसून धरणाजवळची भजी असतात. हे मी बूट घेताना विसरलो होतो. टपरीसमोरच्या ओल्या फरशीवर ती प्लास्टिकची क्लीट आणि हातात दोन प्लेट भजी. बोटं वर, टाचेवर भार, बदकासारखा मी निघालो. टेबलापर्यंत एक प्लेट पोचली. महिन्याभरात क्लीटच्या कडा झिजल्या. पेडल मारून नव्हे, भजी आणून.

तेव्हा पोराच्या प्रश्नाचा अर्थ उमगला. सायकलचा बूट निवडताना चालवता कसे हे नंतर पाहायचं, आधी उतरता किती वेळा हे पाहायचं. मी भजीला उतरतो, चहाला उतरतो, सिंहगडाच्या चढावर ‘निसर्ग बघायला’ तर दर वळणावर उतरतो. इनो उतरत नसे. आमच्यात एवढाच फरक.

निमूटपणे माउंटनचा जोड आणला. पेडलाच्या स्प्रिंगचा स्क्रू सैल करून घेतला, म्हणजे टाच जराशी हलली की सुटका. घरी हिला दोन्ही बुटांतला फरक तळवे दाखवून, साग्रसंगीत समजावला. हिने शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे अहो, आता पडलात तर निदान चालत घरी याल.”

जाहिरातीत हे वाक्य असतं, तर मी पहिल्याच दिवशी योग्य जोड घेतला असता.