माटुंगा कसं पाहावं: नवशिक्यांसाठी सूचना

सर्वांत आधी योग्य स्टेशनवर उतरा. माटुंगा मध्य रेल्वेवर आहे, माटुंगा रोड पश्चिम रेल्वेवर आणि किंग्ज सर्कल हार्बरवर. तिन्हीकडे उतरलेली माणसं ‘मी पोचलोय, तू कुठेयस?’ असं एकमेकांवर खेकसताना रोज ऐकू येतात. आपल्याला मध्य रेल्वेचं माटुंगा हवं, पूर्वेची बाजू. २०१७पासून या स्टेशनचा कारभार बायकांच्या हाती आहे, तेव्हा तिकीट काढलेलं बरं.

सोबत कापडी पिशवी घ्या. पिशवीवाला माणूस कढीपत्ता न्यायला आलाय असं समजून लोक वाट देतात. कॅमेरा लटकवून फुलांच्या दुकानासमोर उभे राहिलात, तर गजरा ओवणारी बाई ‘किती मोळ देऊ?’ (म्हणजे किती हात) विचारते आणि त्याला तुमच्याकडे उत्तर नसतं.

थोडा इतिहास, कारण कुणीतरी सांगणारच. १८९६च्या प्लेगनंतर गर्दीतून मुंबई बाहेर काढायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि त्याने दादर-माटुंग्याची आखणी केली. म्हणून इथे झाडं सरळ रांगेत आणि फुटपाथ चालण्याजोगे आहेत. रस्त्यांना नावं मिळाली ती भाऊ दाजी, तेलंग, भांडारकर, चंदावरकर अशी. गेल्याच्या गेल्या शतकातली विद्वत्सभा पाट्यांवर बसली आहे आणि खाली इडलीपात्रातून वाफ निघते आहे. पत्ता सांगणारेही ‘दोन विद्वान ओलांडा, तिसऱ्याच्या कोपऱ्यावर’ असंच सांगतील, फक्त विद्वान हा शब्द वगळून.

आता पोटाकडे. रविवारी सकाळी कॅफे मद्रासला (१९४०) जायचं असेल तर उपाशीपोटी जाऊ नका. हे विचित्र वाटेल, पण रांग बघितल्यावर पटेल. नाव लिहून द्यायचं आणि कान तिकडे ठेवायचे. पुकारा झाला आणि तुम्ही समोरच्या इमारतीचा फोटो काढत असाल, तर तुमची खुर्ची गेली. टेबलावर अनोळखी माणसं असतील. त्यांच्या रसम वड्याकडे बघणं चालतं, टक लावणं नाही. वेटरला ‘इथे चांगलं काय मिळतं?’ असं चुकूनही विचारू नका. रांग लागते त्या ठिकाणी हा प्रश्न अपमान समजला जातो. स्टेशनजवळच्या राम आश्रयमध्ये (१९३९) फळं घातलेला शिरा मागा, पण दुपार टळल्यावर जाऊन तो संपला म्हणून रुसू नका.

जेवायचं मात्र ए. रामा नायक यांच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगमध्ये. १९४२पासूनचं, मंडईच्या वर, जिना चढून. खरी परीक्षा इथेच. केळीच्या पानाला काठ नसतो आणि रसमला थांबणं माहीत नसतं. नवशिका रसम पानावर वाढून घेतो आणि मग मांडीवर. लहानपणी आमटीसाठी भाताचं आळं करायला शिकलेला मराठी माणूस इथे तरून जातो. आळं जरा उंच करायचं, मध्ये खोल, आणि रसम पडल्यावर कडेने भरभर कालवत आत यायचं. गप्पा नंतर. मागे उभा असलेला माणूस तुमच्या पानाकडे बघत असतो.

कॉफी. पेला आणि पसरट वाटी, म्हणजे टंबलर आणि डवरा, समोर येतात. पेल्याला मधोमध धरू नका, भाजेल. वरच्या कडेला धरा. एकदा पेल्यातून वाटीत, पुन्हा पेल्यात, जितकं उंचावरून जमेल तितकं. यात दूध आणि डिकॉक्शन एकजीव होतं, फेस येतो आणि कॉफी पिण्याजोगी होते. शर्ट पांढरा असेल तर फूटभरावर थांबा. घरी न्यायला पावडर हवी असेल तर मैसूर कन्सर्न्ससारख्या जुन्या दुकानात जा. वास घेत घेत सापडतं. काउंटरवर ‘चिकोरी किती?’ हा प्रश्न येईल. उत्तर आधी ठरवून ठेवा. ‘अर्धी-अर्धी’ म्हणालात तर देतील, पण मनातून उतराल.

कलेसाठी दालन शोधू नका. सकाळी लवकर खाली बघत चाला: उंबऱ्यापाशी तांदळाच्या पिठाचे कोलम असतात, ठिपक्यांभोवती वळणारी एकच रेघ, दहापर्यंत निम्मी चपलांना लागून गेलेली. मग वर बघा: आर्ट डेकोच्या गोल बाल्कन्या. दोन्ही एकदम बघणारे नारळवाल्यावर आदळतात.

आर. पी. मसानी रोडकडे वळलात तर कुणीतरी पृथ्वीराज कपूर आणि सैगल इथे राहायचे हे सांगेलच. माटुंगा लेबर कॅम्पाचं नाव मात्र कुणी घेणार नाही. शाहीर अण्णा भाऊ साठे तिथे राहिले. शाहीर अमर शेख आणि गवाणकर यांच्याबरोबरच्या त्यांच्या लाल बावटा कलापथकाने १९४०च्या दशकात कामगार वस्त्या गाण्यांनी पेटवल्या. खाद्यभ्रमंतीच्या याद्यांत हे येत नाही, कारण तिथे डोसा मिळत नाही. तुम्ही जा.

संध्याकाळी षण्मुखानंदमध्ये कर्नाटक संगीताची मैफल. सभा १९५२ची, सभागृह १९६३चं, १९९०मध्ये आगीत जळालं आणि पुन्हा उभं राहिलं. आत आजूबाजूचे लोक मांडीवर बोटं मोजत ताल धरतील. येत नसेल तर नक्कल करू नका; समेला तुमचा हात वर असेल आणि हजारोंचा खाली. मृदंगाची तनी, म्हणजे एकल वादन, सुरू झाली की काही जण कॅंटीनकडे सरकतात. मोह होईल, पण बसून राहा, जाणकारांच्या नजरा दारावर असतात.

आणि शेजारच्या मामांना राग कोणता ते विचारू नका. ते सांगतील. तुम्ही ‘अरे, हा तर मालकंस’ म्हणालात की ‘हिंदोलम’ अशी दुरुस्ती होईल, मग भूपाचं मोहनम, यमनाचं कल्याणी, आणि मध्यंतरात तुम्ही कॉफी कुठे प्यायलात याची चौकशी. जे नाव सांगाल ते चुकीचंच असणार.