जावाची किल्ली सैल झाल्यास : कुलपावर आळ घेण्यापूर्वीचे मार्गदर्शन

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याने 1961पासून बांधलेल्या जुन्या जावाचा मालक ‘कुलूप झिजलं हो’ म्हणत आला, तर त्याला आधी बसायला खुर्ची द्यावी, पाणी द्यावं आणि मग सांगावं, की ते कुलूप कधी नव्हतंच. हेडलाइटच्या डूमवरच्या भोकात जाते ती दात कापलेली किल्ली नव्हे, टोपी घातलेला गोल दांडा आहे. एका जावाचा दांडा दुसऱ्या जावाला खुशाल चालतो. अडल्या वेळी बेताच्या जाडीचा खिळाही निभावून नेतो. चोराला अडवणं हे या वस्तूचं काम नव्हतंच, नुसती वीज चालू-बंद करणं होतं. तेव्हा सुरक्षितता गेली म्हणून गळा काढू नये. जे मुळात नव्हतं ते झिजणार कुठून? झिजतो तो आतल्या पट्ट्यांचा संपर्क, आणि चौकशी त्याचीच लावावी.

पहिली पायरी स्वस्तातली : नवा दांडा घालून पाहावा. तो घट्ट बसला तर गुन्हेगार जुना दांडा. तोही डुलला तर स्विच. दांड्याला कागद किंवा टेप गुंडाळण्याचा लोकप्रिय उपचार करू नये, कारण त्याने डुलणं थांबतं, दोष लपतो. दुसरी पायरी मल्टिमीटरची. स्विच चालू, सीबी (कॉन्टॅक्ट ब्रेकर) पॉइंट मिटलेले, आणि मीटरची दोन टोकं स्विचच्या बॅटरीकडच्या आणि कॉइलकडच्या टर्मिनलवर. काटा जवळपास शून्यावर राहायला हवा. अर्धा व्होल्ट दिसला, तर 6 व्होल्टच्या संसारात बारावा हिस्सा वाटेतच खर्च झाला. मग ठिणगी रुसली तर तिचं काय चुकलं? बॅटरीची वायर काढून पट्ट्या बारीक पॉलिश पेपरने घासाव्यात. तेल सोडू नये, त्यावर धूळ बसते. आकडा ठीक असूनही गाडी मिसिंग करत असेल, तर कंडेन्सरकडे वळावं आणि किल्लीची बिनशर्त माफी मागावी.

यावर बुलेटवाले म्हणतील, आमची किल्ली दातांची आहे. मान्य; त्यांच्या किल्लीला झिजायला दात तरी आहेत. पण झिजलेल्या किल्लीवरून डुप्लिकेट काढली, की झीजही वारसाहक्काने उतरते. किल्लीचा नंबर सापडत असेल, तर त्यावरूनच नवी कापून घ्यावी. दुसरा आक्षेप गंभीर आहे : खिळ्याने चालू होणारी गाडी चोर नेणार नाही का? नेऊ शकतो, पण स्विच बदलून तो धोका टळत नाही. नव्या स्विचलाही तोच दांडा चालतो. भरवसा ठेवायचाच तर हँडल लॉकवर ठेवावा, आणि थोडा जावाच्या रचनेवर. इथे किक आणि गिअर एकाच दांड्यात असल्याने नवखा चोर आधी किक शोधण्यात घाम गाळतो. एवढ्यानेही झोप लागत नसेल, तर चाकात जाड साखळी घालून तिला कुलूप ठोकावं. त्या कुलपाची किल्ली मात्र दातांचीच असल्याची खात्री करून घ्यावी.