तंत्रस्नेही गुरुजी

आमच्या राजूरच्या गणपतीला अंगारकीच्या दिवशी जेवढी मोठी रांग लागते, तेवढे व्हॉट्सॲप ग्रुप आमच्या गुरुजींच्या मोबाइलवर असावेत. गुरुजी तंत्रस्नेही शिक्षक आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळांत ही पदवी आता इतकी रुळली आहे, की नुसता 'शिक्षक' म्हटलं तर माणूस नाराज होतो.

त्यांचा दिवस 'लिंक भरली का?' या प्रश्नाने उजाडतो. हजेरीची लिंक, पोषण आहाराची लिंक, वृक्षारोपणाची लिंक. खिचडी शिजली तरी लगेच पोटात जात नाही. आधी अक्षांश-रेखांशासकट तिचा फोटो. "हसा रे," गुरुजी ओरडतात. भुकेली पोरं खिचडीकडे बघून हसतात.

परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळवला, हे आमचे गुरुजी ज्याला-त्याला सांगतात. डिसल्यांनी पुरस्काराची निम्मी रक्कम इतर अंतिम स्पर्धकांना वाटून टाकली, हे सांगताना मात्र आवाज जरा खाली येतो.

बरं, माणूस कामचुकार नाही. कोरोनात ऑनलाइन वर्गाला दोन-चारच पोरं दिसायची. बाकीच्यांचा मोबाइल बापाच्या खिशात, आणि बाप शेतात. तेव्हा गुरुजी तोंडाला रुमाल बांधून वस्तीवर जायचे, लिंबाखाली पोरांना लांब-लांब बसवून शिकवायचे. त्याचा एकही फोटो नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "त्याची लिंकच आली नव्हती."

परवा चौथीला 'आपले गाव' शिकवायचं होतं. गुरुजींनी ऐटीत मोबाइलला विचारलं, "राजूर दाखव." पडद्यावर डोंगर, धुकं, शेजारी भंडारदरा.

"गुरुजी, हे अकोले तालुक्यातलं," मागून एक पोरगी म्हणाली. पुन्हा विचारलं, तर चुनखडीवालं, वणीजवळचं. तेवढ्यात लाईट गेली.

पोरीने खडू उचलला आणि फळ्यावर मधोमध मंदिर काढलं. एक रस्ता जालन्याला, दुसरा भोकरदनला. "बाजार कुठं भरतो?" गुरुजींनी विचारलं आणि वर्ग पेटला. कुणी मामाचं दुकान मांडलं, कुणी आटलेली विहीर दाखवली. विहिरीच्या जागेवरून दोघं हातघाईवर आले. तास संपल्याचं कुणाला कळलं नाही. गुरुजींनाही नाही.

मग भानावर येऊन त्यांनी सगळ्यांना बाजूला सारलं, फळ्याचा फोटो काढला आणि लाईट येताच वर पाठवून दिला. रकाना होता: 'डिजिटल साहित्यनिर्मिती'.