हुबेहूब खरखर

गिटारच्या जगात आवाज बिघडवणाऱ्यांना जेवढा मान आहे, तेवढा तो सुधारणाऱ्यांच्या वाट्याला क्वचितच आला असेल. 1951 साली मेम्फिसमध्ये सॅम फिलिप्सच्या स्टुडिओत 'रॉकेट 88' हे गाणं ध्वनिमुद्रित करायला मंडळी पोचली, तेव्हा गिटारच्या ॲम्पला वाटेत इजा झालेली होती. कुणी म्हणतं गाडीवरून पडला, कुणी म्हणतं पावसात भिजला. स्पीकरच्या फाटक्या कोनात कागद कोंबून वेळ निभावून नेली, आणि त्यातून जो फुरफुरता आवाज निघाला त्याचे पोवाडे लोक अजून गातात. पुढे 1958 मध्ये लिंक रे याने 'रम्बल'साठी आपल्या स्पीकरला पेन्सिलीने भोकं पाडली. 1964 मध्ये लंडनच्या डेव्ह डेव्हिसने छोट्याशा हिरव्या ॲम्पच्या स्पीकरवर दाढीचं पातं चालवलं. श्राद्धाच्या दिवशी मांजर टोपलीखाली झाकण्याची गोष्ट आपण ऐकतो, तिचाच हा विलायती अवतार. फरक इतकाच की इथे मांजराचं गुरगुरणंही लोकांना मनापासून आवडायला लागलं.

अस्सल म्हणून ज्या आवाजाची शपथ घेतली जाते, त्याची वंशावळही गमतीची आहे. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा, रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. गिटार काही त्याला वाजवता येत नसे. त्याने बेस गिटारसाठी 'बेसमन' नावाचा ॲम्प काढला, तो साध्या गिटारवाल्यांनी उचलला. तिकडे लंडनच्या हॅनवेल भागात, ड्रम वाजवणाऱ्या आणि शिकवणाऱ्या जिम मार्शलच्या दुकानात, साठच्या दशकाच्या आरंभी त्याच बेसमनवरून एक ॲम्प बेतला गेला. सुटे भाग इंग्लंडात मिळाले ते घातले, म्हणून आवाज थोडा निराळा आला, आणि त्या निराळेपणालाच पुढे 'मार्शलचा आवाज' म्हणू लागले. म्हणजे गिटार न येणाऱ्याने, दुसऱ्याच वाद्यासाठी केलेल्या यंत्राची, ड्रमवाल्याच्या दुकानात झालेली ही नक्कल. एवढं ठाऊक असलं की डिजिटल मॉडेलरला, म्हणजे ॲम्पच्या आवाजाची हिशेबाने नक्कल करणाऱ्या यंत्राला, 'नकली' म्हणताना निदान माझी तरी जीभ अडखळते.

असा एक मॉडेलर माझ्या भाच्याकडे आहे. ठाण्याला, सातव्या मजल्यावर, अभ्यासाच्या टेबलाखाली, जिथे पूर्वी त्याची शाळेची सॅक असे तिथे तो पडलेला असतो. या जातीचं घरोघरी पोचलेलं पहिलं यंत्र म्हणजे 'लाइन 6'चा 1998 चा 'पॉड', लालभडक आणि राजम्याच्या आकाराचा. 2011 मध्ये जर्मनीच्या केम्परने आणखी पुढची पायरी गाठली. खऱ्या ॲम्पला चित्रविचित्र शिट्ट्या आणि सुसकारे ऐकवायचे, तो ते कसे परत करतो हे कान देऊन ऐकायचं, आणि त्याचा स्वभाव टिपून घ्यायचा. आता तर न्यूरल नेटवर्कला तीनेक मिनिटांचा आवाज देऊन ॲम्प शिकवतात, आणि ते फुकट मिळणारं सॉफ्टवेअरही करतं. सांगायचा मुद्दा, पूर्वी दोन माणसांनी जिन्यावरून कण्हत चढवायच्या वस्तू आज डझनांनी त्या टेबलाखाली नांदतात. खोलीत जागा मात्र पूर्वीइतकीच कमी आहे.

मला भुरळ घातली ती आतल्या कळांनी. 'सॅग' म्हणून एक कळ आहे. जुन्या ॲम्पमध्ये तार जोरात छेडली की वीजपुरवठा क्षणभर दबतो. सूर आधी थोडा खचतो, मग सावरतो, दम लागलेल्या माणसाने उंबऱ्याशी थबकून मग आत यावं तसा. ही त्या यंत्राची अशक्तता. आता ती अशक्तता हुबेहूब उतरावी म्हणून एक धडधाकट प्रोसेसर सेकंदाला कोट्यवधी बेरजा-गुणाकार करतो. आणि तिच्या शेजारी 'हम'ची कळ.

"मामा, हा व्हॉल्व्हच्या ॲम्पचा गुणगुणाट. शून्यावर पण आणता येतो."

"मग आणत का नाहीस?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता, नुसती दया होती.

पण तो गुणगुणाट मी ओळखला, आणि कुठल्या कुठे गेलो. मिरजेच्या आमच्या घरात व्हॉल्व्हचा रेडिओ होता. कळ दाबली की तो लगेच बोलत नसे. आधी तबकडीमागे पिवळट उजेड, मग तापलेल्या धुळीचा वास, मग हाच, अगदी हाच, बारीक घुमणारा सूर. आणि त्याच्या तळातून हळूहळू वर येणारा निवेदकाचा आवाज. आजोबा त्या गुणगुणाटावर चिडायचे. "याला काहीतरी करायला पाहिजे," असं म्हणत पेटीच्या बगलेवर तळहाताने थोपटायचे. पुढे ट्रान्झिस्टर आला, दाबताक्षणी बोलू लागला, आणि घरातून तो सूर गेला तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही. त्या आवाजाची कुणी एक दिवस कळ बनवील आणि तिला शून्य ते दहा आकडे देईल, हे आजोबांना सांगितलं असतं तर त्यांनी आधी माझं कपाळ गरम आहे का पाहिलं असतं.

खरं तर मिरजकरांनी या गोष्टीचं नवल करू नये. पंढरपूरच्या बाजूचे भोपळे आणून तिथे तंबोरे घडतात, आणि तंबोऱ्याची सारी गंमत एका नियंत्रित बिघाडात आहे. जवारी काढणारे कारागीर मी लहानपणी दुकानाच्या पायरीवर बसून तासन्‌तास पाहिले आहेत. घोडीची पाठ कानशीने अशी घासायची की तार तिच्यावर सरळ टेकू नये, निसटती चाटत जावी. एक हात घासायचा, फुंकर मारायची, तार छेडायची, मान हलवायची, पुन्हा घासायचं. शेवटी तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवायचा. तो केसभर पुढेमागे होत असतो तोवर तार नुसती 'टंग' म्हणते. आणि मग एका जागी अचानक ती झणझणून फुलते, एका सुरातून वरचे सगळे सूर डोकावायला लागतात. तापलेल्या व्हॉल्व्हमध्येही तेच होतं. लहरीचे माथे चेपले जातात आणि नसलेले उपस्वर जागे होतात. स्वच्छ सूर एकटा असतो. जरासा मळला की त्याला गोतावळा मिळतो. तंबोऱ्याचीही पेटी झाली, बंगळुरूच्या राजनारायण यांनी 1979 मध्ये इलेक्ट्रॉनिक तंबोरा काढला, आणि आज मैफलीत गायकामागे दोन खरे तंबोरे आणि त्यांच्या आडोशाला गुपचूप गुंजणारी ती पेटी, असा संयुक्त संसार सर्रास दिसतो. रॉकच्या मोठमोठ्या मंचावर उभ्या असलेल्या स्पीकरच्या भिंतींतली कित्येक खोकी रिकामी असतात, हे कळल्यावर म्हणूनच मला धक्का बसला नाही. शोभेला का होईना, वडीलधारं कुणीतरी मागे उभं लागतंच.

मॉडेलरमध्ये नुसता ॲम्प असून भागत नाही, स्पीकरही लागतो. गिटारचा स्पीकर हा जात्याच थोडा मंद; पाच हजार हर्ट्‌झच्या वरचं त्याला फारसं सांगताच येत नाही. पण त्याच्या या मौनामुळेच गिटार सुसह्य होते. ते मौन काढून घेतलं तर कानात नुसतं गांधीलमाश्यांचं मोहोळ उठतं. म्हणून स्पीकरचाही ठसा घेतात, त्याला 'इम्पल्स रिस्पॉन्स' म्हणतात. सेकंदाला 48,000 या गतीने 2048 नमुने, म्हणजे जेमतेम 43 मिलिसेकंद. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात लाकडी खोकं, बारा इंची कोन, आणि समोरचा माइक, सगळं आलं. तो माइक बहुधा शुअरचा एसएम 57 असतो, 1965 पासूनचा. अमेरिकेच्या अध्यक्षांच्या भाषणासमोरही दशकानुदशकं हाच उभा आहे. दोन्हीकडे त्याने काय काय ऐकून घेतलं असेल, आणि कुठे जास्त खरखर होती, हे त्यालाच ठाऊक.

भाच्याच्या मित्राकडे खराखुरा व्हॉल्व्हचा ॲम्प आहे. एकदा मॉडेलर तिकडे नेऊन त्याला जोडला, तर आवाज गोधडीत गुरफटल्यासारखा. कारण उघड होतं: खोट्या ॲम्पचा आवाज खोट्या स्पीकरमधून, खोट्या माइकमधून खऱ्या ॲम्पमध्ये, आणि तिथून खऱ्या स्पीकरमध्ये. दोन मंद स्पीकर एकापुढे एक. मग आतला खोटा स्पीकर बंद केला, खोटा ॲम्प बंद केला, आणि आवाज लख्ख झाला. उरलं काय, तर खरा ॲम्प, आणि त्याच्यापर्यंत जाणारी एक अतिशय महागडी वायर. दोघंही त्या निकालावर खूश होते.

एरवी तो हेडफोन लावूनच वाजवतो. त्याच्या कानात पन्नास हजार माणसांचं मैदान दणाणत असतं, आणि खोलीत आपल्याला ऐकू येते फक्त नुसत्या तारांवर पडणाऱ्या पिकची टिकटिक. आमच्या वाड्यात कुणी पेटी शिकायला लागलं की अख्ख्या वाड्याला त्याची प्रगती पाठ असायची. भूपात तो कुठे अडखळतो ते विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या काकूसुद्धा सांगत, आणि ज्या दिवशी तो न अडखळता पुढे जाई त्या दिवशी त्या मधेच थांबून ऐकत. हा मुलगा गेली काही वर्षं भिंतीपलीकडे वाढतो आहे, आणि त्याच्या आईला त्याचं संगीत ठाऊक आहे ते एवढंच, की पूर्वी टिकटिक सावकाश यायची, हल्ली भरभर येते.

मध्यंतरी एका रविवारी ताई पदराला हात पुसत खोलीत आली आणि म्हणाली, "ते कानातलं काढ, आम्हालाही ऐकव की एकदा." तो लाजला. मग कपाटावरचा स्पीकर खाली काढला, जोडणी केली, आणि मन लावून निवडलेल्या साठ सालच्या कुठल्याशा ॲम्पवर, सॅगसकट, गुणगुणाटासकट, एक संथ धून वाजवली. चांगलं वाजवलं. ताई दाराच्या चौकटीला टेकून शेवटपर्यंत ऐकत उभी राहिली.

"किती छान वाजवतोस रे," ती म्हणाली. "पण मागून सारखं काहीतरी घूं घूं येतंय. वायर बघ बरं जरा."

मी श्वास रोखून त्याच्याकडे पाहिलं. तो वाकला, वायर हलवल्यासारखं केलं, आणि दुसऱ्या हाताने हळूच ती कळ शून्यावर आणली.

"बघ," ताई म्हणाली, "वायरच होती."